जुन्या पोस्ट घरी आणताना

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत पाणी चढत होतं, तेव्हा मी दर दोन-तीन तासांनी फेसबुकवर लिहीत होते. आयर्विन पुलाजवळ पातळी किती झाली, मारुती चौकात पाणी कुठवर आलं, गावभागातल्या कुठल्या गल्लीत अजून माणसं अडकली आहेत. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. त्या दिवसांची वही मी ठेवली नव्हती. वही म्हणजे त्या पोस्टच.

शेजारच्या मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी त्या हव्या होत्या. मी फोनवर मागे मागे जात राहिले. २०२१ पर्यंत पोचले आणि पान पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. तीनदा असं झालं. लिहिलेलं माझं, फोटो माझे, पण मला ते हाताला लागेनात. त्या रात्री ठरवलं की हे सगळं घरी आणायचं, म्हणजे उतरवून आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवायचं. आणताना काय काय अडलं ते सगळं इथे लिहिते आहे, कारण मराठीत लिहिणाऱ्या माणसाला काही अडचणी वेगळ्याच येतात आणि त्या कुणी आधी सांगत नाही.

घाई का करायची, हे ज्यांनी ऑर्कुट, म्हणजे गूगलचं जुनं सोशल नेटवर्क, वापरलं त्यांना सांगावं लागणार नाही. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. आपलं लिखाण उतरवून घ्यायला सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत होती. ज्यांनी घेतलं नाही त्यांचे स्क्रॅप, टेस्टिमोनियल, कॉलेजच्या कम्युनिटीतली भांडणं आणि समेट, सगळं गेलं. पुढे गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये आणि याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले. मुदत प्रत्येक वेळी दिली गेली, पण ती कळवणारी मेल आपण उघडत नाही.

आधी दार उघडतंय का ते बघा

डाउनलोडच्या आधी एक काम आहे. तुमच्या खात्याला कुठला मोबाइल नंबर आणि कुठला ईमेल जोडलेला आहे ते तपासा. अनेकांचं खातं २००९-१०च्या सुमाराला उघडलेलं असतं आणि त्याला तेव्हाचा नंबर जोडलेला असतो. तो नंबर बंद झाला की काही महिन्यांनी कंपनी तो दुसऱ्या कुणालातरी देते, आणि मग ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. आत्ता लॉग-इन असलेल्या फोनवरूनच नवा नंबर आणि चालू ईमेल घालून घ्या. तो फोन बिघडला की हेच काम अवघड होतं.

खातं परत मिळवून देतो म्हणणारे इंटरनेटवर पुष्कळ भेटतात. त्यांना पैसेही देऊ नका आणि ओटीपी तर मुळीच देऊ नका.

जुनं याहूचं किंवा जीमेलचं खातं असेल तर त्यातही एकदा लॉग-इन करा. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचं धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं आहे.

फेसबुक: इथे वेळ द्या

बहुतेकांचं मराठी लिखाण इथेच आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मेनूची नावं मी इंग्रजी फेसबुकमधली देते आहे. ती अधूनमधून बदलतात. बदललेली दिसली तर ‘इन्फर्मेशन’च्या जोडीला ‘डाउनलोड’ किंवा ‘एक्सपोर्ट’ असे शब्द कुठे आहेत ते शोधा. शक्य असेल तर हे काम फोनऐवजी कॉम्प्युटरवर करा.

एकच पोस्ट हवी असेल तर सगळं उतरवायची गरज नाही. कॉम्प्युटरवर आपल्या प्रोफाइलमध्ये ‘पोस्ट्स’च्या शेजारी ‘फिल्टर्स’ असतं. तिथे वर्ष आणि महिना निवडला की थेट त्या काळात जाता येतं. मला हे आधी माहीत असतं तर शेजारच्या मुलीचा प्रकल्प वेळेत झाला असता.

सगळं आणायचं असेल तर सेटिंग्जमध्ये जा, तिथून ‘अकाउंट्स सेंटर’, मग ‘युवर इन्फर्मेशन अँड परमिशन्स’, आणि त्यात ‘एक्सपोर्ट युवर इन्फर्मेशन’. आपलं प्रोफाइल निवडा आणि फाइल आपल्या डिव्हाइसवर हवी असं सांगा. यानंतर चार गोष्टी विचारल्या जातात. नुसतं ‘नेक्स्ट’ दाबत गेलात तर इथेच चुकतं.

पहिली, काय काय हवं. सगळं एकदम मागू नका. पहिल्या खेपेला फक्त पोस्ट, फोटो-व्हिडिओ आणि तुम्ही केलेल्या कॉमेंट घ्या. मेसेज नंतर वेगळे मागवा. त्यात एक मेख आहे: मेसेंजरच्या ज्या गप्पा एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे बोलणाऱ्यांशिवाय कुणालाच वाचता येत नाहीत, त्या या फाइलमध्ये येत नाहीत, त्यांचा डाउनलोड वेगळा करावा लागतो.

दुसरी, कालावधी. बरेचदा तिथे मागचं एकच वर्ष आधीपासून निवडलेलं असतं. ‘ऑल टाइम’ करा. माझ्या एका मैत्रिणीने हे बघितलं नाही. फाइल आली, तिने ती जपून ठेवली, आणि आठ महिन्यांनी उघडली तेव्हा तिच्या वडिलांवर तिने २०१४ मध्ये लिहिलेलं त्यात नव्हतं.

तिसरी, फोटोंचा दर्जा. ‘हाय’ निवडा. तरी एक गोष्ट मनात धरा. तुम्ही टाकलेला मूळ फोटो फेसबुकने तेव्हाच लहान करून ठेवलेला असतो, त्यामुळे मूळ कॅमेऱ्यातली प्रत कुठे असेल तर ती टाकून देऊ नका.

चौथी गोष्ट मराठी माणसासाठी सगळ्यात महत्त्वाची: फॉरमॅट. एचटीएमएल (ब्राउझरमध्ये पानासारखं वाचता येणारं) आणि जेसन (प्रोग्रॅमसाठी असलेलं) असे दोन पर्याय असतात. एचटीएमएल घ्या. फेसबुकच्या जेसन फाइलमध्ये देवनागरी मोडून येते. देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक मात्रा कॉम्प्युटरमध्ये तीन बाइट घेते, आणि ती फाइल त्या प्रत्येक बाइटला स्वतंत्र अक्षर समजून लिहिते. मग ‘पाणी’ या शब्दाच्या जागी डोक्यावर टोप्या-टिंबं असलेल्या परक्या अक्षरांची लांबलचक रांग दिसते. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे कधी कळतही नाही, कारण त्याची अक्षरं जशीच्या तशी येतात. कुणी आधीच जेसन घेऊन बसलं असेल तर घाबरू नका, मजकूर गेलेला नाही. पायथन येणाऱ्या एखाद्या भाच्याला किंवा पुतणीला सांगा की लॅटिन-१ म्हणून बाइट परत मिळव आणि यूटीएफ-८ म्हणून वाच. दहा ओळींचं काम आहे.

मग एक्सपोर्ट सुरू करा. फाइल तयार व्हायला काही तास लागतात, कधी दोन-तीन दिवस. तयार झाली की ईमेल येतो आणि तिथून चारच दिवस ती डाउनलोड करता येते. लग्नाच्या किंवा प्रवासाच्या गडबडीत मागवू नका.

झिप उघडताना

फाइल झिप स्वरूपात, म्हणजे पुष्कळ फाइलींचं एक गाठोडं बांधून येते. खातं जुनं असेल तर चार-पाच तुकडे येतात. सगळे तुकडे उतरवा आणि एकाच फोल्डरमध्ये एक्स्ट्रॅक्ट करा, कारण पोस्ट एका तुकड्यात आणि तिचा फोटो दुसऱ्यात असं होतं. झिपच्या आतूनच फाइल उघडली तर फोटोंच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. त्यावरून फोटो आलेच नाहीत असा निष्कर्ष काढू नका.

विंडोज वापरत असाल तर आधी सी ड्राइव्हवर नाहीतर डी ड्राइव्हवर सरळ ‘एफबी’ असं छोट्या नावाचं फोल्डर करा आणि त्यात उघडा. डेस्कटॉपवरच्या चार फोल्डरांच्या आत उघडलं तर फाइलचा पत्ता लांबत जातो, आणि विंडोजची २६० अक्षरांची मर्यादा ओलांडली गेली की काही फाइली उघडायच्या राहून जातात.

आत ‘स्टार्ट हिअर’ नावाची फाइल असते. ती ब्राउझरमध्ये उघडली की इंटरनेट नसतानाही आपल्या पोस्ट ओळीने दिसतात. मी पहिल्यांदा उघडली तेव्हा ८ ऑगस्ट २०१९ शोधलं. होती. ‘पाणी पायरीवर आलंय, आईला माळ्यावर नेलं’ एवढीच ओळ. मी ती पूर्ण विसरले होते.

कॉमेंट येत नाहीत

हे मला कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. तुमच्या पोस्ट फाइलमध्ये येतात, तुम्ही इतरत्र केलेल्या कॉमेंट येतात, पण तुमच्या पोस्टखाली दुसऱ्यांनी जे लिहिलं ते येत नाही. पुराच्या पोस्टमध्ये माझ्या दोन ओळी होत्या आणि खाली ऐंशी कॉमेंट होत्या. कुठे बोट पोचली, कुठे दुधाची गरज आहे, कुणाची आजी सुखरूप बाहेर आली. त्या दिवसांची खरी नोंद तिथे होती, आणि ती माझी नाही म्हणून मला मिळाली नाही.

त्यावर उपाय हातानेच करावा लागतो. उतरवलेल्या फाइलमधून ज्या पोस्टखाली खरोखर काही घडलं होतं अशा वीस-पंचवीस पोस्ट निवडा, तारखा लिहून घ्या. फेसबुकवर एकेक पोस्ट उघडा. पोस्टची तारीख किंवा वेळ दिसते तिच्यावर क्लिक केलं की ती एकटी वेगळ्या पानावर येते. कॉमेंटच्या वर ‘मोस्ट रेलेव्हंट’ असतं ते ‘ऑल कॉमेंट्स’ करा, नाहीतर निम्म्या लपलेल्याच राहतात. सगळ्या ‘सी मोअर’ आणि ‘रिप्लाइज’ उघडा. मग प्रिंटमध्ये जाऊन पीडीएफ म्हणून साठवा. लांब चर्चेचं पीडीएफ मधेच तुटतं. तसं झालं तर मजकूर सिलेक्ट करून साध्या डॉक्युमेंटमध्ये पेस्ट करा, शेजारी स्क्रीनशॉटही ठेवा. मला हे काम संध्याकाळचा एक-एक तास करून दोन आठवडे लागले. त्यातला एकही तास फुकट गेला असं मला वाटत नाही.

फक्त पीडीएफवर भिस्त ठेवू नका. पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. वाचायला पीडीएफ आणि शोधायला मजकूर, असं दोन्ही हवं.

इतरांच्या कॉमेंट आपल्याकडे घरी ठेवणं वेगळं आणि छापून वाटणं वेगळं. छापायचं असेल तर ज्याचे शब्द आहेत त्याला विचारा.

एक जागा मात्र लोकांना सुचत नाही: जुना ईमेल. पूर्वी प्रत्येक कॉमेंटची सूचना मेलवर यायची आणि तिच्यात कॉमेंटचा मजकूर असायचा. जीमेलच्या शोधात इंग्रजी अक्षरांत ‘फेसबुकमेल’ लिहा, तसंच ‘ऑर्कुट’ लिहून बघा. मला २०११च्या चाळीसएक कॉमेंट अशा सापडल्या. त्यातल्या दोन ज्या काकांच्या होत्या ते आता नाहीत, आणि त्यांचं खातंही नाही.

लाइव्ह व्हिडिओंचं आधीच सांगायला हवं होतं. १९ फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुक लाइव्ह व्हिडिओ फक्त ३० दिवस ठेवतं, आणि त्याआधीचे जुनेही टप्प्याटप्प्याने काढायचं जाहीर झालं. लॉकडाउनमध्ये लाइव्हवर झालेली कीर्तनं, व्याख्यानं, गाण्याच्या बैठकी ज्यांनी उतरवल्या नसतील त्यांनी आयोजकांच्या फोनमध्ये किंवा यूट्यूबवर प्रत आहे का ते विचारावं. पुढचं लाइव्ह केलं तर त्याच आठवड्यात उतरवून घ्या.

बाकीची ठिकाणं

इन्स्टाग्रामचा रस्ता फेसबुकसारखाच, त्याच ‘अकाउंट्स सेंटर’मधून जातो. तिथेही ‘ऑल टाइम’ आणि एचटीएमएल.

एक्स, म्हणजे पूर्वीचं ट्विटर: सेटिंग्जमध्ये ‘युवर अकाउंट’ आणि त्यात ‘डाउनलोड ॲन आर्काइव्ह ऑफ युवर डेटा’. पासवर्ड आणि कोड मागतात, फाइल यायला दिवसभर किंवा त्याहून जास्त लागतो. आत ‘युवर आर्काइव्ह’ नावाची फाइल असते, ती ब्राउझरमध्ये उघडा. इथे वेळेची एक गंमत लक्षात ठेवा. डेटा फाइलमधली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. म्हणून नरकचतुर्दशीला पहाटे ५ वाजता अभ्यंगस्नान करून लिहिलेलं तिथे आदल्या दिवशी रात्री ११:३० चं दिसतं. तारखेवरून काही सिद्ध करायचं असेल तर हे आधी जुळवून घ्या.

व्हॉट्सॲपवर गूगल ड्राइव्हचा बॅकअप आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो फक्त पुन्हा व्हॉट्सॲपमध्येच उघडतो, तुम्हाला वाचता येत नाही. ज्या गप्पा हव्यात त्या उघडून तीन टिंबं, ‘मोअर’, ‘एक्सपोर्ट चॅट’. साध्या मजकुराची फाइल मिळते आणि देवनागरी नीट येते. पण मोठ्या ग्रुपचं सगळं एका खेपेत येत नाही, मीडियासकट घेतलं तर आणखी कमी येतं. म्हणून मजकूर आणि फोटो वेगवेगळ्या वेळी घ्या, आणि दर काही महिन्यांनी घेत राहा. ग्रुपमध्ये ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ सुरू असेल तर एक्सपोर्ट होतच नाही. त्यामागे कुणाचीतरी इच्छा आहे, तिचा मान ठेवा.

लिंक्डइनचा मजकूर आणि गूगल टेकआउटमधून (गूगलवरचा आपला डेटा उतरवायची सोय) येणाऱ्या यूट्यूबवरच्या कॉमेंट सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे साध्या मजकुरातल्या तक्त्यात येतात. ती फाइल डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की मराठीचा पुन्हा तोच चिखल होतो. रिकामं एक्सेल उघडा, ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या आणि फाइलचा प्रकार ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. चुकून उघडली गेली तर सेव्ह मात्र करू नका. सेव्ह केलं की बिघाड कायमचा होतो.

मराठीत शोधताना

सगळं घरी आलं, आता एखादा शब्द शोधायचा आहे. तुम्ही ‘ॲप’ शोधता आणि २०१३ चं काहीच सापडत नाही. कारण ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला कॉम्प्युटरसाठी क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) २००८ साली आलं आणि कीबोर्डांवर यायला त्याला आणखी वर्षं लागली. तोवर आपण ‘ऍ’ किंवा ‘अ’वर चंद्र देऊन ‘अॅ’ लिहीत होतो. वाचताना आपण ती एकच समजतो, कॉम्प्युटरला ती वेगळी आहेत. असंच ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दांचं. त्यातला ‘ऱ्य’ दोन पद्धतींनी टाइप होतो आणि एकाने शोधलं तर दुसरा सापडत नाही. अशा वेळी शब्दाचा बिनधोक तुकडा शोधा: ‘शेतक’ एवढंच. आणि अगदी जुन्या काळात, फोनवर देवनागरी नव्हती तेव्हा, आपण रोमन लिपीत मराठी लिहायचो. तेही शोधून बघा, एकाच शब्दाच्या तीन-चार स्पेलिंगांनी.

श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून जोडलेल्या फाइली सापडल्या तर तो फॉन्ट असलेल्या कॉम्प्युटरवर उघडून आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. तो फॉन्ट मिळणं दरवर्षी कठीण होत चाललं आहे.

कुठे ठेवायचं

या झिपमध्ये तुमच्या पोस्टपेक्षा पुष्कळ काही असू शकतं: फोन नंबर, मेसेज, कुठून लॉग-इन केलं त्याच्या नोंदी. सायबर कॅफेत किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवू नका, कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

फोल्डरची नावं आधी वर्ष, मग महिना, मग विषय अशी द्या. आकडे इंग्रजी ठेवा म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर क्रम लागेल. उतरवलेल्या फोटोंवर त्या दिवसाचीच तारीख पडते, फोटो कधीचा ते त्यावरून कळत नाही, म्हणून महत्त्वाच्या फोटोंना हाताने नाव द्या. मूळ झिप तशीच्या तशी जपा आणि छाटणी तिच्या प्रतीवर करा.

प्रती तीन हव्यात: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या गावी. पेनड्राइव्हवर विसंबू नका, तो वर्षानुवर्षं कपाटात पडून राहण्यासाठी नसतो. दुसरं गाव मी मुद्दाम म्हणते आहे. २०१९ ला आमच्या खालच्या खोलीतल्या कपाटात आईच्या लग्नाचे अल्बम होते. पाणी ओसरल्यावर फोटो एकमेकांना चिकटलेले निघाले, सोडवायला गेलो तर चेहरे निघून आले. त्याच कपाटात दुसरी प्रत असती तरी तिचंही तेच झालं असतं. माझी तिसरी हार्ड डिस्क आता पुण्यात भावाकडे आहे. दिवाळीला गेले की तिच्यात नवं भरते आणि परत ठेवून येते.

निवडक पंचवीस-तीस पोस्ट छापून झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बाइंडिंग करून घ्या, विशेषतः घरात कॉम्प्युटर न वापरणारं कुणी असेल तर. आई तिची प्रत चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचते आणि मला तारखा दुरुस्त करायला लावते.

प्रती झाल्यावर एकदा इंटरनेट बंद करा, वेगळ्या कॉम्प्युटरला हार्ड डिस्क लावा आणि कुठलीही तीन वर्षं उघडून बघा. मराठी वाचता येतं का, फोटो दिसतात का, व्हिडिओ चालतो का. हे होईपर्यंत फेसबुकवरचं काहीही डिलीट करू नका. खातं बंद करायचा विचार असेल तरी महिनाभर थांबा.

शेवटचं काम दहा मिनिटांचं आहे आणि तेच बहुतेक जण पुढे ढकलतात. फेसबुकवर ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ म्हणून घरातलं एक माणूस नेमता येतं. परवानगी देऊन ठेवली तर आपल्या मागे त्याला आपल्या पोस्टची प्रत उतरवता येते. मेसेज त्याला दिसत नाहीत. गूगलमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे: ३ ते १८ महिन्यांमधली मुदत ठरवायची, तेवढा काळ खातं वापरलं गेलं नाही की नेमलेल्या माणसांना कळवलं जातं आणि ठरवलेला डेटा मिळतो. मी दोन्हीकडे भावाचं नाव घातलं. त्याला फोन करून हार्ड डिस्क कुठल्या खणात आहे आणि तिचा पासवर्ड कुठल्या वहीत लिहिला आहे तेही सांगितलं. तो आधी म्हणाला, असलं काही बोलू नकोस. मग म्हणाला, थांब, पेन घेतो.